विकतचा आवाज

मराठीने मोटारसायकलचे बारसे केले ते तिच्या आवाजावरून. फटफटी! आमच्या लहानपणी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव म्हणायचे, पण जिभेचे वळण जाता जात नाही) खेडेगावात फटफटी यायची तेव्हा ती दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू यायची. गाडी अजून ओढ्यापलीकडे असे आणि पारावरची म्हातारी माणसे बसल्या जागी सांगत, ही डॉक्टरांची, ही ग्रामसेवकाची, ही तालुक्याच्या व्यापाऱ्याची. डॉक्टरांची असली तर कुणाच्या घरी जाते आहे हे कळेपर्यंत गाव जरासे गप्प होई. आवाज हा त्या काळी निरोप होता.

बँकेच्या नोकरीतली माझी पहिली वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. विहिरीवरच्या ऑइल इंजिनासाठी कर्ज दिले की काही महिन्यांनी पाहणीला जावे लागे. इंजिन खरोखर घेतले आहे का, घेतले असल्यास चालते का, असा तो सरकारी सोपस्कार. पण बैलगाडीच्या वाटेने शिवारात शिरल्यावर दोन फर्लांगांवरून त्या किर्लोस्कर इंजिनाचा संथ पुक्-पुक् आवाज कानी आला की माझे अर्धे काम तिथेच होत असे. पाणी वर चढू लागले की तो आवाज जड होई, पाणी तुटले की हलका. शेतकऱ्याला तो झोपेतही कळे. गावचा मिस्त्री तर इंजिन उघडण्याआधी लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून उभा राही, आणि वैद्याने नाडी पाहावी तसा निदान सांगे. "व्हॉल्व्ह वाजतोय, साहेब."

हे सगळे आठवायचे कारण असे की, यंत्राचा आवाज आता कळण्यासाठी उरलेला नाही. तो कळवण्यासाठी झाला आहे. आणि कळवायचे काय, तर मी चाललो आहे!

आमच्या धाकट्या बहिणीच्या चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी बुलेट घेतली. गाडी घरी आली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि आठवड्याच्या आत तिचे कंपनीचे सायलेन्सर निघून दुसरे बसले. बाजारात या मालाला गावांची नावे आहेत. कुणी पंजाब सायलेन्सर म्हणतो, कुणी इंदोरी. मी त्याला विचारले, "अरे बाबा, नवी कोरी गाडी, तिचे चांगले सायलेन्सर काढून त्यावर वर पैसे का घातलेस?" तर म्हणाला, "मामा, ही गाडी नुसती चालवायची नसती, ऐकायची असती."

उत्तर मोठे चपखल होते. फक्त ऐकायची कुणी, हे त्यात नव्हते.

सायलेन्सर म्हणजे नेमके काय, हे बायाबापड्यांना कशाला, रोज गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो, त्यातून तयार झालेला तप्त वायू दाबाखाली कोंडलेला असतो. झडप उघडली की तो एका धक्क्याने बाहेर पडतो. असे धक्के मिनिटाला शेकड्यांनी, हजारांनी बसतात. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. वायू त्या कप्प्यांत पसरतो, थंडावतो. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून उलट फिरतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. काहींत काचेच्या तंतूंचे वेष्टन असते, ते उरलेला आवाज गिळून त्याची उष्णता करते. म्हणजे गाडीतले हे एकच अंग असे आहे की ते चालवणाऱ्यासाठी नाही, रस्त्यालगतच्या माणसासाठी बसवलेले आहे. पंजाब किंवा इंदोरी म्हणजे यातले पोट काढून टाकलेली, जवळजवळ सरळसोट नळी. शिवाय चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की न जळलेले पेट्रोल तापल्या नळीत जाऊन पेटते आणि बंदुकीचा बार काढल्यासारखा आवाज होतो. याला आमच्याकडे फटाके फोडणे म्हणतात. शाळा सुटण्याच्या वेळी, मुलींच्या वसतिगृहावरून आणि दवाखान्याच्या वळणावर हे फटाके जास्त फुटतात, असे माझे निरीक्षण आहे.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम उतारवयात बहिरा झाला होता. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि तेच तत्त्व पुढे मोटारींनाही लावून पाहिले. बापाच्या धंद्याचे असे परिमार्जन सगळ्याच घरांत होत नाही.

आता बुलेटवाल्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मद्रासला १९५५ साली या गाडीचे काम सुरू झाले तेव्हापासून तिचे बिडाचे, एका मोठ्या सिलिंडरचे इंजिन सावकाश, भरघोस ठोके देत असे. लष्कराची गाडी, फौजदाराची गाडी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. ती शिकणे हीच एक पदवी होती. २००९-१० च्या सुमारास कंपनीने नवे, सुटसुटीत इंजिन आणले. गाडी सुधारली, तेल गळायचे थांबले, पण जुना ठोका गेला. जुन्या रसिकांना ते फार लागले. त्यांतल्या काहींनी सायलेन्सर बदलले ते त्या हरवलेल्या ठोक्यासाठी, आणि गायकाच्या तरुणपणीच्या तबकड्या शोधत फिरणाऱ्यांपैकी मी असल्यामुळे मला ते कळू शकते. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने तर १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाज हीच आपली व्यापारमुद्रा म्हणून नोंदवून घ्यावी असा अर्ज केला होता. वर्षानुवर्षे वाद चालला आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला. तेव्हा आवाजावर जीव जडणे हे काही आमच्या धाराशिवचेच वेड नव्हे.

पण जुना ठोका परत मिळवणारे थोडे, आणि बार काढणारे फार.

बुलेटपुरतेच हे राहिले असते तर मी लिहायला बसलो नसतो. सोलापूर-येडशी रस्ता चौपदरी झाला, पुढे आणखी रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले. कुणी पुण्यात फ्लॅट घेतला, कुणी बागाईत घेतली, कुणी मुलीचे लग्न केले. आणि काहींच्या दारी जर्मन गाड्या आल्या. पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षे वापरलेली आलिशान मोटार निम्म्याच्याही खाली येते, हे गणित आता तालुक्याच्या पोरांना तोंडपाठ आहे. अशाच एका मोटारीत परवा मला बसवण्यात आले. गाडी घरच्या ओळखीतल्या एका ठेकेदाराची. आत असे निवांत की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. मग त्याने किल्लीला जोडलेल्या एका छोट्या डबीचे बटण दाबले. मागे नळीतली झडप उघडली आणि एखादे जनावर गुरगुरावे तसा आवाज आला. पुन्हा बटण, पुन्हा शांत. "काका, पोलीस दिसला की बंद करायचं," तो हसत म्हणाला. पुण्यात बसवून घेतलेल्या या सामानाची त्याने सांगितलेली किंमत ऐकली तेव्हा, तेवढ्यात माझ्या शाखेतून किती शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर झाल्या असत्या, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. जुनी खोड, दुसरे काय!

या महागड्या गाड्यांची मूळ गोष्टच मजेशीर आहे. इंजिने लहान आणि टर्बोची झाली, काचा जाड झाल्या, त्यामुळे आतल्या मालकाला इंजिन ऐकूच येईना. मग २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडण्याची सोय केली गेली. म्हणजे मालक स्वतःच्याच गाडीचा आवाज रेडिओसारखा ऐकणार! मी म्हणतो, हीच पद्धत उत्तम. ज्याला हौस आहे त्याच्याच कानात ती वाजावी. आमच्या ठेकेदाराला ही युक्ती सुचवली तर तो म्हणाला, "मग काय उपयोग, काका?" या चार शब्दांत त्याने सगळा विषय सांगून टाकला. त्याला इंजिन ऐकायचे नव्हतेच. लोकांनी ऐकलेले त्याला पाहायचे होते.

कायदा याबाबत मुळीच मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारे सायलेन्सर असलेच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या नियमाचा भंग केल्यास १९० व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. नवी गाडी कारखान्यातून निघताना तिचा आवाज मोजला जातो: साडेसात मीटरवर यंत्र ठेवायचे, गाडी ठरल्या वेगाने आणून पूर्ण जोर द्यायचा. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला ८० डेसिबल, प्रवासी मोटारीला ७४, अशी २००५ पासूनची मर्यादा. डेसिबलचे गणित बँकेच्या चक्रवाढ व्याजापेक्षा कडू आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते, कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. त्यामुळे "थोडासाच जास्त आहे" या म्हणण्याला अर्थ राहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही सरासरीची मर्यादा आहे, हे सोबत ध्यानात घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो निकाल दिला, त्यामागचे प्रकरण आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी हाका मारल्या. शेजारी ध्वनिक्षेपकावर मोठ्याने गाणी चालू होती, त्यांत त्या हाका बुडाल्या. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी वाचून एक नागरिक न्यायालयात गेला आणि त्यातून तो निकाल आला. आपले म्हणणे मांडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, परंतु ते ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. गोंगाटाचा त्रास म्हणजे कपाळ दुखणे, एवढाच अर्थ आपण घेतो. गोंगाटाच्या आड दुसरा आवाज मरतो, हे लक्षात घेत नाही.

आमच्या जिल्ह्यात तरी हे लक्षात घ्यायला हवे होते. १९९३ साली मी उमरगा भागातल्या एका शाखेत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारला काही मिनिटे असताना जमीन हलली. पलीकडे लातूर जिल्ह्यात किल्लारी, अलीकडे आमचे सास्तूर आणि आसपासची गावे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे झोपलेल्यांवर बसली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या तोंडून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. हलण्याच्या सोबत, काही म्हणत आधीच, जमिनीच्या पोटातून आवाज आला. अवजड मालमोटार उंबऱ्यातून जावी तसा घरघराट. त्यानंतर कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि हमरस्त्यावरून रात्री ट्रक गेला तरी माणसे मुले उचलून बाहेर धावत. आमच्या शाखेतला शिपाई सहा महिने खुर्चीवर बसल्याबसल्या दारापाशी झोपे.

जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या बातम्या या पट्ट्यातून नंतरही अधूनमधून येत राहिल्या. म्हणजे इथे घरघर ऐकून दचकणे ही एका पिढीची अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. आणि नशिबाचा खेळ बघा. अगदी उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावांतल्या बोळांना दोन बैल शेजारी चालणे कठीण. नव्या गावांत नकाशावर पट्टीने आखल्यासारखे सरळ, रुंद रस्ते. घर पडले तरी माणसाला बाहेर पळता यावे, म्हणून ती मोकळीक. त्याच सरळ रस्त्यांवर आज रात्री दहानंतर इंदोरी सायलेन्सरच्या गाड्या सुटतात. त्या भूकंपात दोन नातवंडे गमावलेल्या एका म्हातारीच्या दारी मी मध्यंतरी बसलो होतो. रस्त्यावर बार निघाला. तिने बोलता बोलता खाटेच्या कडेची दोरी घट्ट धरली आणि आवाज दूर जाईपर्यंत सोडली नाही. मग काहीच न झाल्यासारखे म्हणाली, "पोरं हैत, खेळत्यात." गाडीवरच्या पोराला ती म्हातारी दिसली नाही, ऐकू तर येणारच नव्हती.

या पोरांना मी गुंड म्हणणार नाही. त्यांतली कितीतरी माझ्या ओळखीची आहेत. पदवी झाली आहे, स्पर्धा परीक्षेचे तीन-चार प्रयत्न संपले आहेत, शेती भावाभावांत वाटून दोन-दोन एकरांवर आली आहे, सोयाबीनच्या भावाने वर्षाआड तोंड फिरवले आहे आणि शेतकरी नवरा नको म्हणून स्थळे परत जात आहेत. तहसिलात, बँकेत, भावकीच्या बैठकीत त्यांचे कुणी ऐकत नाही. कुणीच वळून पाहत नाही अशा माणसाला, मनगट पिळले की अख्खी गल्ली वळून पाहते, ही सोय काही हजारांत मिळत असेल तर तो ती घेणारच. कारण समजते. पण या हौशीचा हप्ता कोण भरते? परीक्षेला बसलेली मुलगी, रक्तदाबाचा म्हातारा, दिवसभर खुरपून पाठ टेकलेली बाई. त्यांची जामीन म्हणून कुणी सही घेतलेली नाही.

एक टोला आम्हा ज्येष्ठांनाही. पोरांच्या सायलेन्सरबद्दल अर्ज देणाऱ्या पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि छाती धडधडते म्हणून म्हाताऱ्या माणसांना शेजारच्या गावी पाठवावे लागते. आवाजाचे वावडे मला नाही. तुळजापुरात संबळाचा कडकडाट ऐकत मी वाढलो, आणि आराध्यांच्या गाण्याला दार लावून घेणारा माणूस आमच्याकडे जन्मला नाही. पण संबळाला दिवस आहे, वेळ आहे, ठिकाण आहे आणि ऐकणाऱ्यांची हजेरी आहे. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांसाठी बंद होतो, तेव्हा एकदा रात्री तिथे उभे राहून पाहावे. लाखो माणसे चाललेली असतात, उदो उदो होतो, आणि तरीही मध्येच नुसत्या अनवाणी पावलांचा आवाज वेगळा ऐकू येतो.

उपाय म्हणून पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले. पुण्यात झाले, नागपुरात झाले. छायाचित्रे छान येतात. पण रोलरखाली गेलेली नळी ज्या काउंटरवर विकली गेली, ते दुकान दुसऱ्या दिवशी उघडेच असते. नवीन माल टांगलेला असतो, आणि "रस्त्यावर वापरायचे नाही हं" असे हसत सांगून विकलाही जातो. रोलरखाली आजवर बुलेटचीच नळी मी पाहिली. बटणाच्या झडपेची जर्मन नळी काही माझ्या पाहण्यात आली नाही. ती पोलीस दिसला की गप्प बसते ना!

मला एक साधी गोष्ट करण्यासारखी वाटते. प्रत्येक गाडीला ठरल्या मुदतीने पीयूसी काढावी लागते. चौकाचौकांत त्या टपऱ्या आहेत. तिथे नळीत सळई घालून धूर तपासतात. त्याच नळीतून येणारा आवाज कुणी मोजत नाही. आवाज मोजण्याचे यंत्र काही विमानाएवढे महाग नाही. धुराच्या दाखल्यावर आवाजाचा एक रकाना वाढवावा, झडप उघडी ठेवून आणि बंद ठेवून असे दोन आकडे त्यात लिहावेत, आणि तो दाखला नसेल तर विम्याचे नूतनीकरण अडावे. मूळ सायलेन्सर घरी माळ्यावर पडलेलेच असते. ते बसवायला मिस्त्रीला अर्धा तास पुरतो. आमच्या चिरंजीवांनी आपले सायलेन्सर कुठे ठेवले आहे, ते मी बहिणीला विचारून घेतले आहे. ज्वारीच्या कणगीमागे आहे, गोणपाटात गुंडाळून.